बुलपेनला मराठीत काय म्हणाल?

टोरोंटोकर:
सप्टेंबर उजाडला की इथल्या मराठी मंडळींची ब्लू जेज या इथल्या बेसबॉल संघावरून जुंपते. "बुलपेनने मॅच घालवली", "रुकीला कशाला आणलं?" ही रोजची वाक्यं. पुण्याला आईला फोनवर सांगताना मी बुलपेनला 'कोंडवाडा' म्हणतो आणि रुकीला, म्हणजे लीगमध्ये नव्या आलेल्या खेळाडूला, 'कच्चा लिंबू'. चालेल का?

मधली यष्टी:
कोंडवाडा झकास, पण जागेपुरता. बदली पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, जिथे हात मोकळा करतात ती जागा म्हणजे बुलपेन. पण "बुलपेन दमलंय" म्हणतात तेव्हा दमलेली माणसं असतात, कुंपण नव्हे. तिथे 'राखीव फळी' म्हणा. आघाडीची फळी, बचावफळी आपण म्हणतोच.

जुना स्कोअरर:
'राखीव'ला माझी हरकत आहे. राखीव म्हणजे कोणी जायबंदी झालं तर उतरणारा, आपला बारावा गडी. बुलपेनवाले रोजच्या हिशेबात असतात. सुरुवातीचा पिचर नऊपैकी पाच-सहा डाव टाकतो, पुढचं सगळं यांच्या गळ्यात. शिवाय सामन्यातून गेलेला पिचर परत येत नाही. "दोन ओव्हर थांब, मग पुन्हा देतो" ही सोय तिथे नाही, म्हणून तर एवढी डोकी फुटतात.

2016 ची वाइल्ड कार्ड लढत (हरला तो बाहेर, अशी एकच मॅच) घ्या, तुमच्याच टोरोंटोतली. पाहुण्या ओरिओल्स संघाचा पिचर झॅक ब्रिटन याने त्या मोसमात सेव्हच्या, म्हणजे हातची आघाडी शेवटपर्यंत राखण्याच्या, 47 पैकी 47 संधी साधल्या होत्या. मॅनेजर बक शोवॉल्टरने त्याला आघाडी मिळेल तेव्हासाठी ठेवलं. आघाडी मिळालीच नाही. बरोबरीमुळे लांबलेल्या सामन्यात, अकराव्या डावात, ब्लू जेजच्या एडविन एनकार्नासिओनने ओरिओल्सच्या उबाल्डो हिमेनेझला तीन धावांचा होमर (थेट कुंपणापलीकडचा फटका) ठोकला, आणि ब्रिटनने एकही चेंडू न टाकता मोसम संपला. हुकमाचा एक्का हातातच राहिला. अशाला राखीव म्हणायचं?

मधली यष्टी:
काका, त्या रात्री तरी तो शब्दशः राखीवच होता की! बरं, 'बदली फळी' करू.

टोरोंटोकर:
आणि पिचरला 'काढलं' म्हटलं की आई विचारते, संघातून?

मधली यष्टी:
"चेंडू काढून घेतला" म्हणा, घडतंही तसंच. मॅनेजर चालत येतो, वाटेत डाव्या किंवा उजव्या दंडावर थाप मारून कोण हवा ते बुलपेनला कळवतो आणि पिचरपुढे तळहात धरतो. 2020 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेत, सहाव्या सामन्यात रेज संघाच्या ब्लेक स्नेलकडून असाच चेंडू घेतला. 73 चेंडू, 9 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), फक्त दोन हिट, आणि रेज 1-0 पुढे! मॅनेजर केव्हिन कॅशने निक अँडरसनला आणलं, त्याच डावात आघाडी गेली आणि डॉजर्स 3-1 जिंकले. आकडेमोडीच्या नादाला लागलं की असं होतं, हे माझं मत. भांडायला या.

जुना स्कोअरर:
भांडण नंतर. 'कच्चा लिंबू' मात्र साफ चूक. कच्च्या लिंबूवर राज्य येत नाही, रुकीवर पहिल्या चेंडूपासून येतं. आणि रुकी हा वयाचा किंवा अनुभवाचा शब्द नाही, नियमाचा आहे. आधीच्या मोसमांत मेजर लीगमध्ये, म्हणजे ब्लू जेज खेळतात त्या सर्वोच्च लीगमध्ये, 50 पेक्षा जास्त डाव टाकले असतील तर तो पिचर रुकी राहत नाही. त्यामुळे 'नवखा'सुद्धा सगळीकडे बसत नाही. 2025 मध्ये डॉजर्सचा रोकी सासाकी रुकीच होता, पण 2022 मध्ये जपानच्या लीगमध्ये त्याने परफेक्ट गेम (एकही बॅटर बेसवर पोचला नाही असा सामना) टाकला होता, 19 स्ट्राइकआउटसह. तुमचा ट्रे येसाव्हेज मात्र खरा नवखा: पदार्पण सप्टेंबरात, आणि वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यात 12 स्ट्राइकआउट. मी 'पहिल्या मोसमातला' लिहितो. नाहीतर सरळ रुकीच ठेवा, आईला दोन दिवसांत सवय होईल.

टोरोंटोकर:
पटलं. शेवटचं एक: 'ब्लोन सेव्ह'?

मधली यष्टी:
हातची घालवली.

टोरोंटोकर:
अगदी! 2025 च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना, समोर डॉजर्स, नववा डाव, आम्ही 4-3 पुढे, दोनच आउट हवेत. जेफ हॉफमनला होमर मारला कोणी, तर मिगेल रोहासने, तळाच्या क्रमांकावरच्या बॅटरने! अकराव्यात 5-4 ने गेली ती गेलीच. आईला तेव्हा फोनच केला नाही.