मदत हवी आहे : लहान घरासाठी वॉकिंग पॅड घ्यावा की मॅग्नेटिक सायकल?

नमस्कार. घरच्या घरी दमसास वाढवणारा व्यायाम व्हावा म्हणून एखादे लहान यंत्र घेण्याचा विचार आहे. मात्र दुकाने हिंडून आणि माहितीपत्रके वाचून गोंधळ कमी होण्याऐवजी वाढलाच आहे, म्हणून जाणकारांचा सल्ला हवा आहे.

आम्ही डोंबिवलीत एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. माझे वय ५४ आणि वजन ८४ किलो आहे. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलची गोळी चालू आहे आणि गेल्या तपासणीत साखर काठावर आल्यामुळे डॉक्टरांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करण्यास सांगितले आहे. पत्नीचे वय ४९, उंची चार फूट दहा इंच. तिच्या उजव्या गुडघ्याची झीज सुरू झाली असून जिना उतरताना तो दुखतो. दोघांनाही डॉक्टरांची परवानगी मिळालेली आहे, त्यामुळे प्रश्न फक्त यंत्राचा आहे. बाहेर फिरायला जावे असे कोणीही सुचवेल आणि ते रास्तही आहे. परंतु मला सकाळची लोकल गाठायची असते, आमच्या रस्त्याला चालण्यासारखा पदपथ नाही आणि पावसाळ्यात तर चार महिने नियम टिकतच नाही. त्यामुळे पहाटे साडेपाचला, घरातले इतर झोपलेले असताना, हॉलमध्ये सोफा आणि कपाट यांच्यामधल्या सहा फूट बाय तीन फूट जागेत जे काही होईल तेवढेच आमच्या हातात आहे. खर्चाची मर्यादा वीस हजार रुपये.

पहिला विचार वॉकिंग पॅडचा, म्हणजे जागच्या जागी चालण्यासाठी फिरता पट्टा असलेल्या चपट्या ट्रेडमिलचा होता. तो सोफ्याखाली सरकतो, वेग ताशी सहा किलोमीटरपर्यंत जातो आणि चालण्याची सवय असल्याने नव्याने काही शिकावे लागत नाही. दुकानात मी त्यावर उभा राहिलो, तेव्हा पट्टा जेमतेम चाळीस सेंटिमीटर रुंद असल्यामुळे नजर सारखी पायांकडे जात होती, आणि विक्रेत्याने रिमोटने वेग वाढवताच हात नकळत आधार शोधू लागले. आधाराला दांडा मात्र नव्हता. शिवाय पावलांचा दणका खालच्या मजल्यावर ऐकू जाईल ही धास्ती आहेच. खाली एक वयस्कर गृहस्थ राहतात, त्यांची झोप मोडणे मला मंजूर नाही.

दुसरा पर्याय मॅग्नेटिक सायकलचा, म्हणजे चुंबकाने पेडल जड-हलके करता येणाऱ्या, जागेवरच चालवायच्या सायकलचा. ती चालवताना खरोखरच आवाज येत नव्हता. परंतु सीट सर्वांत खालच्या भोकात बसवूनही पत्नीची टाच खालच्या पेडलला टेकत नव्हती आणि ती चवड्यांवर रेटत होती. विक्रेता म्हणाला, ‘सवय होईल’. ते काही मला पटले नाही. तिसरा मिनी स्टेपर (जिना चढल्यासारखे दोन पट्ट्या आळीपाळीने पायांनी दाबायचे यंत्र) सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लहान, पण दुकानातलाच नमुना थोडा वेळ चालवल्यावर त्याचा हायड्रॉलिक सिलिंडर हाताला चांगलाच गरम लागला आणि खालच्या फरशीवर तेलाचा डाग दिसला.

मला विचारायचे आहे ते असे की, गुडघ्याच्या दृष्टीने आणि आवाजाच्या दृष्टीने यांपैकी काय योग्य ठरेल? पॅडच्या खोक्यावर मोटरची शक्ती ‘२.५ एचपी’ (अश्वशक्ती) लिहिली होती, त्यावर कितपत विसंबावे? आणि सायकलचे हँडल धरल्यावर पडद्यावर दिसणाऱ्या नाडीच्या आकड्यावरून व्यायामाची तीव्रता ठरवावी का? कोणी अशाच जागेत यंत्र वापरत असल्यास अनुभव अवश्य लिहावा.

प्रतिसाद १

सर्वप्रथम एचपीबद्दल. एक एचपी म्हणजे सुमारे ७४६ वॅट, म्हणजे २.५ एचपीची मोटर सलग त्या शक्तीने चालली तर साधारण १,८६५ वॅट वीज ओढेल. आपल्याकडचा लहान सहा अँपिअरचा प्लग २३० व्होल्टला १,३८० वॅटपर्यंतच भार घेतो. तेव्हा त्या यंत्राला लहान प्लग असेल तर खोक्यावरचा आकडा क्षणभराच्या कमाल शक्तीचा आहे, असे समजावे. ‘कंटिन्युअस’, म्हणजे सलग मिळणारी शक्ती किती ते विचारा आणि उत्तर लेखी मागा. वजनाची मर्यादाही आपल्या वजनापेक्षा वीस-पंचवीस किलो अधिक असलेली बरी.

नाडीच्या आकड्याबाबत आपण विशेष जपावे. २२० मधून वय वजा करून येणाऱ्या आकड्याच्या ५० ते ७० टक्के, म्हणजे आपल्या वयाला ८३ ते ११६, हा नेहमीचा हिशोब आहे. परंतु मेटोप्रोलॉल हे बीटा ब्लॉकर असल्याने ते नाडी मुळातच मंद ठेवते आणि हा हिशोब आपल्याला लागू पडत नाही. आकडा गाठण्याच्या नादात अतिश्रम होऊ शकतात. त्याऐवजी बोलून पाहावे : पूर्ण वाक्य बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत धाप म्हणजे मध्यम व्यायाम. कॅलरींच्या आकड्याकडे तर पाहूच नये. व्यायाम करताना चक्कर आली किंवा छातीत दुखले तर तत्काळ थांबून डॉक्टरांना कळवावे, हे वेगळे सांगायला नको.

प्रतिसाद २

माझे मत सायकलच्या बाजूने आहे. सायकलवर शरीराचा भार सीट पेलते, त्यामुळे गुडघ्यावर आघात होत नाही, आणि चुंबक चाकाला स्पर्श न करताच रोध (पेडलचा जडपणा) निर्माण करत असल्याने घासण्याचा आवाजही नसतो. वॉकिंग पॅडखाली जाड रबरी मॅट घातली तरी पावलांचा दणका स्लॅबमधून थोडाफार खाली जातोच. शिवाय पॅडच्या मागे मोकळी जागा हवी. तोल गेला आणि मागे कपाट असेल तर इजा गंभीर होते. सहा फुटांत ते जमवणे कठीण आहे. स्टेपरवर प्रत्येक पावलाला वाकलेल्या गुडघ्यावर वजन येते, म्हणून वहिनींसाठी तो नकोच.

मात्र आपण पाहिलेले ते मॉडेल घेऊ नका. पेडल सर्वांत खाली असताना पाऊल सपाट टेकून गुडघा किंचित, साधारण २५ ते ३५ अंश, वाकलेला राहावा. सीट फार खाली असेल तर वाटीच्या मागे दाब वाढतो आणि फार वर असेल तर कंबर डुलते. तेव्हा सीटची सर्वांत खालची उंची वहिनींना आणि पुरेशी वरची आपल्याला, अशी दोन्हीकडे जमणारी सायकल शोधावी, आणि दोघांची भोके रंगाने खूण करून ठेवावीत, म्हणजे पहाटे अंधारात चाचपडावे लागणार नाही. वहिनींनी सुरुवातीला रोध अगदी कमी ठेवून मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्यांच्या गतीने दहा मिनिटेच चालवावी. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला नाही तर मिनिटे वाढवावीत, रोध त्यानंतर.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. येत्या रविवारी पत्नीला सोबत घेऊन, तिचे रोजचे बूट घालूनच दुसरी दुकाने पाहतो. एक शंका उरते : पाठीला टेकू असलेली आडवी सायकल साडेचार-पाच फूट लांब असते, ती आमच्या जागेत मावेलही, पण झीज झालेल्या गुडघ्याला तिचा उभ्या सायकलपेक्षा खरोखर काही अधिक उपयोग होतो का? वापरणाऱ्यांनी कृपया सांगावे.