'अवाँ-गार्द' आणि 'धाडसी': एका अल्बमसाठी शब्द हवेत

विचारणा:
'द रेनकोट्स' या लंडनच्या बँडचा 'ऑडीशेप' (१९८१) सध्या सारखा ऐकतेय आणि त्याच्यावर मराठीत लिहायला घेतलंय. पहिल्याच वाक्याशी अडले. 'बायकांच्या बँडचा धाडसी अवाँ-गार्द रॉक अल्बम' असं लिहिलंय, पण 'धाडसी' खटकतंय आणि 'अवाँ-गार्द' तसाच ठेवणं जिवावर येतंय. 'प्रायोगिक' चालेल का?

प्रतिसाद:
अवाँ-गार्द म्हणजे कलेत रूढ वाटेच्या पुढे जाणारं काम; पण तो मुळात फ्रेंच लष्करी शब्द. मुख्य फौजेच्या पुढे चालणारी तुकडी. याला आपल्याकडे नेमका शब्द होता: बिनी. 'बिनीवाले' हे आडनाव त्यातूनच आलं. पिछाडी सांभाळणारी ती चंदावल. अर्थाने इतका चपखल शब्द दुसरा नाही, तरी तुमच्या वाक्यात तो घालू नका. आज 'बिनीचे गायक' म्हणजे नामवंत गायक. अनोळखी मुलखात आधी शिरायचं, पहिला वार आपण झेलायचा, हा भाग त्यातून गळून गेला. 'बिनीचा बँड' वाचून लोक समजतील, खूप गाजलेला बँड. 'आघाडी'चं तर बोलायलाच नको, तो शब्द राजकारणाने कधीच नेला.

प्रतिसाद:
'प्रायोगिक'ला माझा विरोध. एक तर त्यासरशी रंगभूमी डोळ्यापुढे येते. दुसरं, 'प्रायोगिक तत्त्वावर' म्हणजे तात्पुरतं, जमलं तर ठेवू. 'ऑडीशेप' चाचणी म्हणून केलेला नाही, ते पूर्ण विचाराने उभं केलेलं काम आहे. 'प्रयोगशील' म्हणा; त्यात करणाऱ्याची वृत्ती येते.

पण विशेषणावर थांबू नका, प्रयोग कोणता तेही लिहा. १९७९च्या पहिल्या अल्बमनंतर ड्रमर पामोलिव्ह बँड सोडून गेली. नंतरची बरीचशी गाणी ड्रमशिवायच रचली गेली, ताल मागाहून भरला. एरवी रॉकमध्ये ड्रम आणि बास गिटार पाया घालतात, बाकीचे त्यावर चढतात. इथे गिटार, विकी ॲस्पिनॉलचं व्हायोलिन, ॲना दा सिल्व्हा आणि जीना बर्च यांचे आवाज आपापल्या ओढीने चालतात आणि ताल त्यांच्या मधल्या फटी शोधत येतो. कधी तो अख्खा नाहीसाही होतो. 'ओन्ली लव्ह्ड ॲट नाइट'मधली कलिंबा (अंगठ्यांनी वाजवायचं छोटं आफ्रिकी वाद्य) हेडफोन लावून ऐका, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

आणखी एक: ड्रमवर रॉबर्ट वायट, चार्ल्स हेवर्ड असे पुरुष पाहुणे आहेत. म्हणून 'बायकांचा बँड' बरोबर, 'केवळ बायकांनी केलेला अल्बम' चूक.

प्रतिसाद:
'धाडसी' का खटकतं ते सांगते. सिनेमाच्या पानांनी 'धाडसी दृश्य', 'धाडसी भूमिका' असं लिहून लिहून बाईच्या बाबतीत त्या शब्दाचा अर्थ कपड्यांपाशी आणून ठेवलाय. 'द स्लिट्स' या त्याच काळातल्या बायकांच्या बँडच्या 'कट' या अल्बमबद्दल (१९७९) हेच होतं. मुखपृष्ठावर तिघी चिखल माखून, फक्त कमरेला वस्त्र गुंडाळून उभ्या आहेत. 'धाडसी अल्बम' म्हटलं की वाचक त्या फोटोचा विचार करतो, पंक रॉक आणि जमैकाचं रेगे संगीत त्यांनी एकमेकांत कसं मुरवलं ते बाजूला राहतं. 'साहसी'ही नको, त्याला गिर्यारोहणाचा वास आहे. धाडस माणसाला न लावता रचनेला लावा: 'धाडसी रचना'. तेवढ्याने अर्थ जागेवर येतो.

'बायकांचा' मात्र ठेवाच. 'महिला' लावलं की लगेच मंडळ आठवतं, 'मुलींचा बँड' म्हटलं की चौघी मिळून पॉप गाणाऱ्या गायिका वाटतात. 'बायकांचा' यात काहीही कमीपणा नाही.

विचारणा करणारी:
सगळ्यांचे मनापासून आभार. 'बिनी'चं माहीतच नव्हतं. आता वाक्य असं केलंय: 'बायकांच्या या बँडने धाडसी रचनांचा, कमालीचा प्रयोगशील रॉक अल्बम केला.' 'अवाँ-गार्द' पुढच्या परिच्छेदात, त्या परंपरेबद्दल लिहिताना एकदाच येईल. आता नावाचं काय करू? 'ऑडिसी' (लांबचा प्रवास) आणि 'बॉडी शेप' (शरीराचा आकार) एकमेकांत मिसळून ते झालंय, आणि अल्बममधलं त्याच नावाचं गाणंही बाईने आपलं शरीर इतरांच्या मापाने जोखण्याबद्दलच आहे.

प्रतिसाद:
नावाला हात लावू नका. 'देहयात्रा' वगैरे केलंत तर भलतंच आध्यात्मिक होईल. देवनागरीत 'ऑडीशेप' लिहा आणि पुढे एका ओळीत फोड द्या.