नांदणे, नांदवणे आणि 'नांदायला येत नाही'

जुनीवही
'पत्नी नांदायला येत नसल्याच्या रागातून...' असा मथळा पेपरात वरचेवर दिसतो. परवा पुन्हा दिसला आणि शब्दापाशी अडलो. नांदणे हे संस्कृत नन्द् धातूवरून आलेलं, म्हणजे मुळात 'आनंदात असणे'. मग 'सुखाने नांदणे' ही द्विरुक्ती झाली ना? आणि ज्या घरी जायला बाई तयार नाही, तिथल्या राहण्यालाही आपण नांदणंच म्हणतो, हे कसं काय झालं? आणखी एक शंका: 'तो नांदतो' असं कुणी म्हणतं का?

शब्दवेडी
'तो नांदतो' म्हणतात, पण घरजावयाची थट्टा करताना. एरवी नाही.

गंमत वचनात आहे. अनेकवचनात हा शब्द अजून आनंदी आहे. 'दोघं सुखाने नांदतात', 'सगळ्या जातीधर्माचे लोक गुण्यागोविंदाने नांदतात', लग्नातला 'नांदा सौख्यभरे' हा आशीर्वाद. इथे पुरुषही नांदतो, कारण तो 'दोघां'मध्ये लपलेला असतो. निर्जीवालाही चालतं: घरात शांतता नांदते, नांदतं घर, नांदतं गाव. कर्ता एकवचनी आणि माणूस झाला, की मात्र तो स्त्रीलिंगीच लागतो. ती नांदते, ती नांदत नाही, तिला नांदायला पाठवली. आनंद गळून गेला आणि मुक्काम तेवढा उरला, म्हणून 'सुखाने' वेगळं जोडावं लागतं. तेव्हा द्विरुक्ती व्युत्पत्तीपुरती खरी, वापरात नाही.

जाता जाता: नणंद हा शब्द ज्या 'ननांदृ'पासून आला, त्याची व्युत्पत्ती जुन्या वैयाकरणांनी 'न नन्दति', म्हणजे जी खूश होत नाही ती, अशी लावली आहे. धातू तोच! आता सासरच्या मंडळींनी माझ्यावर तुटून पडू नये, पाणिनीच्या परंपरेतल्या लोकांना विचारावं.

कोर्टकचेरी
मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. आमच्याकडे नांदणेपेक्षा नांदवणे जास्त चालतं. ४९८अ च्या, म्हणजे सासरच्या छळाच्या, जवळजवळ प्रत्येक फिर्यादीत हे वाक्य सापडेल: 'लग्नानंतर सुरुवातीचे काही दिवस मला चांगले नांदविले.' पुढे 'त्यानंतर माहेरहून पैसे आणावेत म्हणून...' (ते कलम १९८३ साली आलं, आता न्याय संहितेत ८५ आहे. लोक अजून ४९८च म्हणतात.)

हे प्रयोजक रूप नीट बघा. तिचं नांदणं हे त्याने करवून घ्यायचं काम झालं. त्याने नांदवलं तर ती नांदली, नाहीतर माहेरी बसली. बसलेली बाई कितीही राबत असली तरी ती 'माहेरी बसलेली'च!

उलट बाजूने नवरा कोर्टात येतो तो हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली. कायद्याच्या मराठीत ते 'वैवाहिक हक्कांचे पुनःस्थापन'. पक्षकार म्हणतो, 'मॅडम, नांदायला येण्याची केस टाकायचीय.'

गिरगावकर
हीच केस रखमाबाईंची. त्यांची आठवण 'पहिल्या स्त्री डॉक्टरांपैकी एक' एवढ्यावर संपवतात, पण शब्दाच्या अंगाने त्यांचा खटला फार मोलाचा आहे.

लग्न अकराव्या वर्षी, दादाजी भिकाजींशी. त्या सासरी कधी राहायला गेल्याच नाहीत. आईकडे, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढल्या, शिकल्या. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला. न्या. पिन्ही यांनी सप्टेंबर १८८५ मध्ये तो फेटाळला, आणि त्यांचं एक कारण अगदी शब्दचर्चेत शोभेल असं होतं. दाव्याचं नावच चुकीचं आहे, असं ते म्हणाले. 'पुनःस्थापना' म्हणजे जे होतं ते परत करणं. हे दोघे एकत्र राहिलेच नव्हते, तर परत काय करायचं? या दाव्याचं मूळ इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांत आहे, हिंदू धर्मशास्त्रात त्याला आधार नाही, हेही त्यांनी सांगितलं.

पुढे अपिलात निकाल उलटला, खटला पुन्हा चालला, आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली. मला इथे दोन गोष्टींचं राहून राहून नवल वाटतं. एक, न जाणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद खुद्द इंग्लंडने १८८४ सालीच काढून टाकली होती, म्हणजे दादाजींनी दावा लावला त्याच वर्षी. दोन, आपल्याकडे 'धर्म बुडाला' म्हणून ओरड करणारे, त्यात टिळकांचा 'केसरी'ही आला, प्रत्यक्षात विलायती चर्चच्या एका उपायाची पाठराखण करत होते. 'नांदणे' हा शब्द घरचा होता म्हणून तो उपायही घरचाच वाटला असावा, असं माझं मत.

१८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरतेत आणि राजकोटला त्यांनी काम केलं. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय दहावरून बारा झालं, त्यामागच्या वादळातही हा खटला होता.

माणदेशी
गिरगावकर, एक भर घालतो. रखमाबाई सुतार समाजातल्या. त्यांच्या आईचा, जयंतीबाईंचा, पुनर्विवाह झालेला, आणि तो जातीत चालत होता. आमच्याकडेही जुन्या बायका सरळ बोलतात: 'नाही नांदली, काडीमोड झाली, पाट लावला.' (पाट म्हणजे पुनर्विवाह.) म्हणजे न नांदण्याला बोलीभाषेत वाट होती. पंचांपुढे दंड भरायला लागायचा, बोलणी खावी लागायची, पाटाच्या बाईला लग्नाच्या बाईचा मान नसायचा, हे सगळं खरं. तरी वाट होती. कोर्टाने आणि वरच्या जातींच्या रीतीने मिळून ती अरुंद केली.

आणि नवऱ्याने नांदवलंच नाही तर? तिला आम्ही 'टाकलेली' म्हणतो. वस्तू टाकतात तशी.

शब्दवेडी
टाकलेली, सोडलेली, परित्यक्ता: तिन्ही कर्मणी. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांच्या हक्कांसाठी परिषद झाली, निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाच्या लोकांनी भरवलेली. मागण्या होत्या पोटगीच्या, घराच्या, रेशनकार्डावर स्वतःच्या नावाच्या. शब्द संस्कृत झाल्याने कमीपणा किती गेला कोण जाणे, पण ज्या बायकांची कुठे मोजदादच नव्हती त्यांना अर्जात लिहायला एक नाव मिळालं. अलीकडे 'एकल महिला' म्हणतात. त्यात विधवा, अविवाहित सगळ्याच येतात, आणि कुणी कुणाला टाकलं हे विचारावं लागत नाही. मला तो बरा वाटतो.

पुल्लिंगी 'परित्यक्त' शब्दकोशात आहे. माणसाला लावलेला मी ऐकला नाही.

जुनीवही
कोर्टकचेरी, नांदायला येण्याची केस जिंकली तर आज होतं काय? पोलीस बाईला नेऊन सोडतात?

कोर्टकचेरी
नाही हो. कैदही नाही. हुकूम मोडला तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, आणि वर्षभर एकत्र आले नाहीत तर त्याच आधारावर घटस्फोट मागता येतो. आंध्र हायकोर्टाने १९८३ मध्ये सरीता खटल्यात कलम ९ घटनाबाह्य ठरवलं होतं. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने सरोज राणी खटल्यात ते वैध धरलं. इंग्लंडने तर हा दावाच १९७० साली रद्द केला.

कलम नवरा-बायको दोघांनाही सारखं आहे, हेही सांगते. कागदावर 'तो नांदायला येत नाही' म्हणून बाईही जाऊ शकते. ते वाक्य मराठीत किती विचित्र लागतं बघा. त्यावरूनच कलम प्रत्यक्षात कोणासाठी चालतं ते कळतं.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा मला या बाबतीत वेगळा वाटतो. तो बाईला सामाईक घरात *राहण्याचा* हक्क देतो, घर कुणाच्याही नावावर असो. नांदण्याचा नाही, राहण्याचा. तिने तिथे सुखात असावं, नवऱ्याशी जमवून घ्यावं, अशी अट त्या शब्दात नाही.

माणदेशी
मग तुम्ही अर्जात 'राहणे'च लिहा की सगळीकडे.

कोर्टकचेरी
लिहिलं असतं, पण पोटगी आडवी येते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये (आता नागरिक सुरक्षा संहितेत १४४) अट आहे की पुरेशा कारणाशिवाय नवऱ्याबरोबर राहायला नकार देणाऱ्या बायकोला पोटगी नाही. मूळ कायद्यात शब्द राहण्याचाच आहे, मराठीत आम्ही सगळे तो 'नांदणे' करून टाकतो. नवरे याचा उपयोग बरोबर करतात. बाईने पोटगी मागितली की लगेच 'मी नांदवायला तयार आहे' अशी नोटीस येते, कधी वर कलम ९ चा दावाही. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की असा हुकूमनामा नवऱ्याला मिळाला आणि बायको गेली नाही, एवढ्यावरून तिची पोटगी आपोआप बुडत नाही; न जाण्याचं कारण बघावं लागेल. त्याचा उपयोग होतोय.

तरीही अर्जात मी काय लिहिते? 'अर्जदार नांदण्यास तयार होती व आहे, परंतु सामनेवाले यांनी तिला नांदविले नाही.' मारहाण सोसून आलेली बाई हे वाचते आणि विचारते, 'मॅडम, मी कधी म्हणाले तयार आहे?' मग तिला पोटगीचं कलम समजावून सांगते. काही जणी ऐकतात. एकीने ते वाक्य खोडायलाच लावलं, आणि त्याजागी मारहाणीच्या तारखा लिहून घेतल्या.