मालकाला स्वतःच्या धंद्यासाठी गाळा हवाय, नोटीस आलीय (कोल्हापूर, लक्ष्मीपुरी, जुनं दुकान)

भुसारवाला
लक्ष्मीपुरीत १९८८ पासून भुसार मालाचं दुकान. लेखी करार नाही, भाडेपावत्या आहेत. पावती अजून वडिलांच्या नावावर. ते वारले तेव्हा मीच दुकान चालवत होतो. आता वकिलाची नोटीस आलीय : मुलाला मोबाइल ॲक्सेसरीजचं होलसेल काढायचंय, ३० दिवसांत कब्जा द्या. मालकाचा मागच्या गल्लीत एक गाळा कुलूपबंद पडून आहे. चार महिने भाडंही घेत नाहीत. काय करावं?

कोर्टकचेरी
३० दिवसांचं टेन्शन घेऊ नका. जुना भाडेकरू महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ खाली येतो, त्यामुळे दावा चालून हुकूमनामा (कोर्टाचा कब्जा द्यायचा आदेश) झाल्याशिवाय कब्जा जात नाही. वडील गेले त्या वेळी घरातलं जे माणूस त्या जागेत धंदा करत होतं, त्याला भाडेहक्क मिळतो. शॉप ॲक्ट, जीएसटी, बँकेचं खातं, यातलं वडिलांच्या हयातीतलं तुमच्या नावाचं जे असेल ते काढून ठेवा.

आधी भाड्याचं बघा. मालक घेत नाही म्हणून गप्प बसलात की तो थकबाकीची नोटीस काढतो. ९० दिवसांत भरलं नाही की दाव्याला दुसरं कारण मिळतं. आजच चार महिन्यांचा चेक रजिस्टर एडीने पाठवा. परत आला तर पाकीट न फोडता तसंच ठेवा, तोच पुरावा. थकबाकीचा दावा झालाच, तर समन्स लागल्यापासून ९० दिवसांत सगळी बाकी १५ टक्के सरळ व्याजासह आणि दाव्याच्या खर्चासह कोर्टात भरता येते, पण पुढचं भाडंही निकालापर्यंत न चुकता भरावं लागतं.

मालकाने कुलूप तोडून सामान बाहेर काढलं तर सहा महिन्यांच्या आत स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम ६ खाली दावा लावा. त्यात मालकी कुणाची हा प्रश्नच येत नाही.

गाळेमालक_राजारामपुरी
मालकाच्या बाजूनेही ऐका. याच भाडे कायद्याच्या कलम १६(१)(जी) मध्ये, म्हणजे मालकाला स्वतःसाठी जागा हवी या कारणात, गरज वाजवी आणि खरी असावी लागते, अगदी जीव जाण्याइतकी नव्हे. मुलाची गरज ही मालकाचीच गरज धरतात. ‘पोराला धंद्याचा अनुभव नाही’ हा बचाव फारसा टिकत नाही. आपली कोणती जागा सोयीची हे मालकच ठरवणार.

कोर्टकचेरी
बरोबर, पण तो कुलूपबंद गाळा दाव्यात लपवला तर मालकाचीच पंचाईत. तो का चालत नाही (रस्त्याला तोंड नाही, क्षेत्र कमी) हे त्याला सांगावंच लागेल. म्हणून भुसारवाले, त्या गाळ्याचा सिटी सर्व्हेचा उतारा आणि घरफाळ्याची नक्कल काढा आणि नोटिशीच्या उत्तरात गाळ्याचा उल्लेख करा. उत्तर मोघम नको.

माझ्या मते मात्र अशा दाव्यांत भाडेकरू हरतो तो बहुतेकदा कलम १६(२) वर. गरज खरी ठरली तरी, हुकूमनाम्यामुळे भाडेकरूला होणारा त्रास मालकाच्या त्रासापेक्षा जास्त आहे असं कोर्टाला पटलं तर कब्जा देत नाहीत. उलटतपासणीत एकच प्रश्न येतो : ‘दावा लागल्यापासून दुसरा गाळा बघितला का?’ ‘नाही’ म्हणालात की निम्मी केस गेली. मार्केट यार्ड, शाहूपुरी, उचगाव, जिथं जमेल तिथं चौकशी करा आणि ती लेखी ठेवा : एजंटचं पत्र, मागितलेलं भाडं, डिपॉझिट. गिऱ्हाईक याच पेठेतलं आहे हे उधारीच्या वहीतून आणि बिलांवरून दाखवा.

गाळ्याला दोन शटर असतील तर अर्ध्या जागेचाच हुकूमनामा मागता येतो. त्यासाठी कोर्ट कमिशनर (कोर्टातर्फे जागा पाहून अहवाल देणारा माणूस) नेमून नकाशा करून घ्या. एकच शटर आणि दहा फूट रुंदी असेल तर तो नाद सोडा.

साधा_भाडेकरू
भावा, माझा ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स आहे, दुकानाचाच. मलाही हेच लागू?

कोर्टकचेरी
नाही. लायसन्सीला भाडेकरूचं संरक्षण नाही (१ फेब्रुवारी १९७३ च्या आधीपासूनचे सोडून). मुदत संपली की मालकाला गरज वगैरे काही सिद्ध करायला नको. करार वाढवायचा असेल तर मुदत संपण्याआधीच बोलणी करा.

गाळेमालक_राजारामपुरी
दावा चालू असताना पोटमाळा बांधू नका, दारात टपरीला जागा भाड्याने देऊ नका, सलग सहा महिने शटर बंद ठेवू नका. ही तिन्ही मालकाला आयती कारणं आहेत.

भुसारवाला
आणि हरलो तर?

कोर्टकचेरी
दावा दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराकडे. अपील ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात. स्थगिती मिळते, पण सुप्रीम कोर्टाच्या २००४ च्या आत्माराम प्रॉपर्टीज निकालापासून कोर्ट त्या काळासाठी बाजारभावाच्या भाड्याइतकी रक्कम भरायला सांगू शकतं. महिना समजा ८०० देणाऱ्याला हा आकडा झेपेल का, ते अपिलाआधी बघा. त्यापुढे हायकोर्ट, १८ ऑगस्ट २०२५ पासून त्याचं सर्किट बेंच (खंडपीठ) इथं कोल्हापुरातच असल्याने मुंबईचे हेलपाटे वाचलेत.

कब्जा गेलाच तर तारीख लिहून ठेवा. मालकाने महिन्याभरात जागा वापरायला घेतली नाही, किंवा वर्षाच्या आत तिसऱ्याला भाड्याने दिली, तर कलम १८ खाली जागा परत मागता येते. अर्ज कब्जा गेल्यापासून १३ महिन्यांच्या आत. शटरचे, नव्या बोर्डाचे तारखेसह फोटो काढत राहा.