डेडलिफ्ट करताना कंबरेत उसण भरली आहे. वजने उचलणे सोडावे का?

बँकबाबू, नाशिक

माझे वय ३४, उंची १७८ सेंटीमीटर आणि वजन ८१ किलो असून गेले सव्वा वर्ष मी घराजवळच्या एका लहानशा जिममध्ये वजने उचलतो. मार्चमध्ये बँकेतील वर्षअखेरीच्या कामामुळे तीन आठवडे जिमचे तोंड पाहिले नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परत गेलो आणि फेब्रुवारीत जेवढे उचलत होतो तेवढेच, म्हणजे ९० किलो, पहिल्याच दिवशी डेडलिफ्टसाठी (जमिनीवरचा वजनाचा बार उचलून सरळ उभे राहण्याचा व्यायाम) लावले. त्याआधी स्क्वॉट (खांद्यांवर बार घेऊन बैठका) आणि बारबेल रो (पुढे वाकून बार पोटाकडे ओढणे) झालेले होते. तिसऱ्या सेटमध्ये चौथ्या वेळी बार नडगीच्या मध्यापर्यंत येतो न येतो तोच कंबरेच्या खालच्या भागात, मणक्याच्या किंचित उजवीकडे, जोराची चमक निघाली. बार कसाबसा खाली ठेवला, पण त्यानंतर सरळ उभे राहता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी पायमोजे पत्नीने घालून दिले.

आज बारावा दिवस आहे. कळ निम्म्याहून कमी झाली आहे, परंतु खुर्चीत वीस मिनिटे बसलो की कंबर धरते आणि मोटारसायकल गतिरोधकावरून गेली की जीव कळवळतो. दुखणे उजव्या कुल्ल्यापर्यंत जाते, त्याखाली जात नाही. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा नाही.

सल्ले मात्र तीन दिशांनी आले आहेत. जिममधील प्रशिक्षक म्हणतात की पट्टा आवळून हलके वजन सुरू ठेवावे, म्हणजे अंग मोकळे होईल. वडिलांच्या मते मणक्यात गॅप पडली असून हाडवैद्याकडून ती बसवून घ्यावी. ज्या डॉक्टरांना दाखवले त्यांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, तीन आठवडे अंथरुणावर पडून राहण्यास सांगितले आणि यापुढे लोखंडाला हात लावू नका, अशी ताकीद दिली. एमआरआय काढावा का आणि पुन्हा उचलता येईल का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कणा आणि कंबर, पुणे

मी फिजिओथेरपिस्ट आहे. तपासणीशिवाय निदान करता येत नाही, तरीही आपण लिहिलेल्या तपशिलावरून काही गोष्टी सांगता येतील.

प्रथम धोक्याची लक्षणे. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूस व गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे, पाऊल उचलताना लोंबू लागणे किंवा पायातील शक्ती दिवसेंदिवस कमी होणे, यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. कंबरदुखीसोबत ताप असल्यास किंवा वजन विनाकारण घटत असल्यासही तपासणी लांबवू नये. यांपैकी काहीही आपण लिहिलेले नाही, आणि दुखणे गुडघ्याखाली उतरलेले नाही ही जमेची बाजू आहे.

एमआरआयची घाई मी करणार नाही. ज्यांची पाठ कधीच दुखली नाही अशा लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यात विशीतील सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतील सुमारे ८४ टक्के लोकांच्या चकतीला (दोन मणक्यांमधील मऊ गादीला) फुगवटा आढळला होता. म्हणजे आज आपला एमआरआय काढला आणि त्यात चौथ्या-पाचव्या मणक्यामधील चकती फुगलेली दिसली, तरी ती त्या दिवशीच्या चमकेमुळे फुगली की पाच वर्षांपूर्वीपासून तशीच होती, हे त्या चित्रावरून ठरवता येणार नाही. आपण मात्र तो कागद हातात पडल्यापासून वाकायला घाबरू लागाल. सहा आठवड्यांत उतार पडला नाही किंवा पायात लक्षणे उतरली, तर तपासणीला अर्थ आहे.

वडिलांना ‘गॅप’बद्दल एवढेच सांगा की मणक्यांमध्ये अंतर असतेच आणि असायलाच हवे, कारण तेथे चकती असते. ती बोटांनी दाबून बसवता येत नाही, आणि ताज्या दुखण्यात कंबरेला दिलेला जोरदार झटका महागात पडू शकतो. शेक घ्या, तेल लावा, त्याला हरकत नाही.

अंथरुणावर तीन आठवडे पडून राहण्याचा सल्ला आता मागे पडला आहे. फार कळ असेल तर दिवस-दोन दिवसांची विश्रांती पुरे. त्यानंतर दिवसातून तीन वेळा दहा-दहा मिनिटे, हात मोकळे सोडून, जरा झपझप चालावे. खुर्चीत वीस मिनिटांनी कंबर धरते असे आपणच लिहिले आहे, तेव्हा पंधराव्या मिनिटाला उठावे; दुखू लागल्यावर उठण्यात फारसा फायदा नसतो. सकाळी उठल्यावर पहिला तासभर कंबरेतून खोल वाकणे टाळावे. रात्रभर आडवे राहिल्याने चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात (सकाळी आपली उंची एक-दोन सेंटीमीटर अधिक भरते ती त्यामुळेच) आणि त्या वेळी वाकण्याचा ताण त्यांच्यावर जास्त पडतो. मोजे घालताना पाऊल स्टुलावर ठेवावे.

कॅनडातील पाठीच्या कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी सुचवलेले तीन व्यायाम आठवडाभरात सुरू करता येतील. पहिल्यात एक गुडघा दुमडून उताणे निजावे आणि कंबरेखाली तळहात ठेवून डोके व खांदे जमिनीपासून जेमतेम उचलावेत. दुसऱ्यात कुशीवर होऊन कोपर आणि गुडघ्यावर अंग तोलावे. तिसऱ्यात ओणवे होऊन एक हात व विरुद्ध बाजूचा पाय लांब करावा. प्रत्येक स्थिती आठ-दहा सेकंदच टिकवावी. यात घाम गाळणे अपेक्षित नाही.

सूर्यनमस्कारी

मला या लोखंडाचे कौतुक कधीच वाटले नाही. परमेश्वराने दिलेली कंबर एकदाच मिळते. सर्व वजने विकून टाका आणि उद्या पहाटेपासून रोज बारा सूर्यनमस्कार घाला. आमच्या घराण्यात तीन पिढ्यांत कोणाची कंबर दुखलेली नाही.

पंचगंगाकाठ, कोल्हापूर

माझे वय ५२. लहानपणी तालमीत जोर-बैठका मारल्या, पुढे पॉवरलिफ्टिंगकडे वळलो आणि १९९९ साली आपल्यासारखीच कंबर धरून सहा आठवडे घरी बसलो होतो. वैद्यकीय बाबतीत वरचा प्रतिसाद पुरेसा आहे, म्हणून मी केवळ लोखंडाविषयी लिहितो.

तीन आठवड्यांच्या खंडानंतर त्याच वजनाला हात घालणे ही चूक उघडच आहे. स्क्वॉट आणि रो करून कंबर थकलेली असताना शेवटी डेडलिफ्ट घेणे, ही दुसरी. पण मला तिसऱ्याच गोष्टीची शंका येते. ते ९० किलो आपण कोणत्या प्लेट (बारच्या टोकांना अडकवायची गोल वजने) लावून केले होते?

स्पर्धेतील मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटीमीटर असतो, त्यामुळे जमिनीवर ठेवलेल्या बारचा मध्य साडेबावीस सेंटीमीटर उंचीवर येतो. डेडलिफ्टविषयीचे सारे शिक्षण, सर्व व्हिडिओ, ‘बार नडगीला चिकटवा, पाठ सरळ ठेवा’ हे सगळे, ती उंची गृहीत धरून दिलेले असते. आपल्याकडच्या गल्लीबोळातील जिममध्ये ४५ सेंटीमीटरची प्लेट क्वचितच दिसते. दहा-दहा किलोच्या लहान प्लेट एकापुढे एक सरकवून वजन भरायचे, ही आपली रीत. वजन तेवढेच भरते, पण बार जमिनीलगत येतो. उंच माणसाचे खुबे एका मर्यादेपर्यंतच दुमडतात आणि त्यापुढचे जे काही सेंटीमीटर उरतात ते कंबर वाकूनच भरून काढते. माणसाला वाटते की आपले तंत्र चुकते आहे, प्रशिक्षक मागून ‘छाती वर, छाती वर’ ओरडत राहतो, आणि दोष असतो प्लेटच्या व्यासात.

पट्ट्याविषयीही लिहितो. पट्टा पाठीला बाहेरून टेकू देत नाही. पोटात श्वास भरून पट्ट्यावर आतून चहूबाजूंनी दाब द्यायचा असतो. त्या दाबाने धड घट्ट होते. ज्याला हा श्वास भरता येत नाही त्याने आवळलेला पट्टा म्हणजे केवळ धीर. दुखऱ्या कंबरेला धीर देऊन तेच वजन उचलायला लावणे मला पटत नाही.

‘यापुढे लोखंडाला हात लावू नका’ या ताकिदीने खचू नका. भारोत्तोलक मीराबाई चानू यांनी एप्रिल २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले आणि कंबरेच्या दुखण्यामुळे त्याच वर्षीची जकार्ताची आशियाई स्पर्धा त्यांना सोडावी लागली. एप्रिल २०२१ मध्ये त्यांनी ताश्कंदला ४९ किलो गटात क्लीन अँड जर्कमध्ये (बार आधी खांद्यांवर घेऊन मग डोक्यावर नेण्याच्या प्रकारात) ११९ किलो उचलून तेव्हाचा विश्वविक्रम केला, आणि जुलैमध्ये टोकियोत रौप्यपदक घेतले. त्यांच्यामागे तज्ज्ञांचा ताफा होता, आपल्यामागे नाही, हे खरे. म्हणून आपण अधिक सावकाश जायचे.

कणा आणि कंबर, पुणे

सूर्यनमस्कारी यांना आदरपूर्वक सांगावेसे वाटते की सूर्यनमस्कार हा उत्तम व्यायाम आहे, पण या दुखण्यात नव्हे. एका नमस्कारात हस्तपादासन दोनदा येते. बारा नमस्कार म्हणजे चोवीस वेळा कंबरेतून पूर्ण वाकणे, आणि तेही पहाटे, चकत्या फुगलेल्या असताना. वाकल्याने ज्याची कळ वाढते त्याला मी हे सध्या सुचवणार नाही.

बँकबाबू, नाशिक

पंचगंगाकाठ यांचा प्रतिसाद वाचून काल संध्याकाळी मापनपट्टी घेऊन जिममध्ये गेलो. प्रशिक्षकांना वाटले की मी नवा आरसा बसवायला माप घेतो आहे. आमच्या दहा किलोच्या प्लेटचा व्यास २९ सेंटीमीटर भरला, म्हणजे बारचा मध्य जमिनीपासून साडेचौदा सेंटीमीटरवर येतो. सव्वा वर्ष मी आठ सेंटीमीटर खालून उचलत होतो. शिवाय जाड, मऊ तळाचे धावण्याचे बूट घालून, हे आता लिहायलाही संकोच वाटतो. पुन्हा सुरुवात कशी करावी?

पंचगंगाकाठ, कोल्हापूर

चालताना, बसताना आणि मोजे घालताना कळ येईनाशी झाली की सुरुवात करा, त्याआधी नाही. पहिला आठवडा वजनच नको. झाडूचा दांडा पाठीवर उभा धरा. डोके, दोन्ही खांद्यांच्या मधला भाग आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी तो टेकलेला राहिला पाहिजे. आता गुडघे किंचित दुमडून, बसण्यासाठी मागे स्टूल शोधत असल्यासारखे कुल्ले मागे न्या. ज्या क्षणी दांडा एखाद्या जागी सुटतो, तेथे खुब्याचे काम संपून कंबरेचे सुरू झाले, असे समजा. दहा-दहाचे तीन सेट, रोज.

हे जमले की १० किलोचे डंबेल दोन्ही हातांनी पुढे धरून तीच हालचाल, मग नुसता बार, मग वजन. बारच्या दोन्ही बाजूंना प्लेटखाली भक्कम फळ्या रचून उंची साडेबावीसवर आणा. बूट सपाट तळाचे किंवा अनवाणी. प्रत्येक वेळी बार जमिनीवर पूर्ण टेकवून, श्वास नव्याने भरून मगच पुढची उचल. आपटून उसळलेल्या बारवर दुसरी घेऊ नका. डेडलिफ्ट आठवड्यातून एकदाच आणि त्या दिवशी सर्वांत आधी. वजन आठवड्याला पाच किलोपेक्षा अधिक वाढवायचे नाही. उचलताना थोडी जाणीव झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेलेली असली, तर चालेल. सकाळी कंबर आदल्या दिवसापेक्षा जास्त धरली असेल, तर पुढच्या खेपेस वजन खाली.

बँकबाबू, नाशिक

अनेकांनी व्यक्तिगत निरोपातून विचारणा केली, म्हणून लिहितो. त्या चमकेला आता अकरा आठवडे झाले. नाशिकमधील एका फिजिओथेरपिस्टकडे चार वेळा जाऊन आलो. त्यांनीही एमआरआयची गरज नाही असेच सांगितले. पाचव्या आठवड्यापर्यंत केवळ चालणे आणि ते तीन व्यायाम केले. झाडूच्या दांड्याने मात्र माझी चांगलीच फजिती केली, कारण मी थोडासा वाकताच तो माकडहाडापासून सुटत होता. आठव्या आठवड्यात घाईने वजन दहा किलोंनी वाढवले, दोन दिवस कंबर धरली आणि मुकाट्याने मागे आलो.

शेजारच्या इमारतीचे काम सुरू आहे. तेथील मुकादमाकडून सेंटरिंगच्या सहा फळ्या मागून आणल्या आणि प्रत्येक बाजूला तीन-तीन रचल्या; उंची २२ सेंटीमीटर भरते. प्रशिक्षक पहिल्या दिवशी हसले, परवा मात्र त्यांनी स्वतःच त्या फळ्यांवर बार ठेवून उचलून पाहिला आणि फळ्या जिममध्येच राहू द्या, असे सांगितले. काल मी ५५ किलो, पाच-पाचचे तीन सेट केले. आज सकाळी मोजे स्वतःच्या हाताने घातले, स्टुलावर पाऊल ठेवून.