रॅपिडचा 'कामगार' शब्द

'रॅपिड व्हिएन्ना हा कामगारांचा क्लब आणि हिरवा-पांढरा हा त्यांचा पहिल्यापासूनचा रंग' असं ऑस्ट्रियातल्या या फुटबॉल क्लबाबद्दल कुणीतरी लिहिलंय. पहिलं वाक्य बरोबर, दुसरं नाही. सुरुवातीचे रंग लाल-निळे होते, हिरवा-पांढरा नंतर आला. लाल-निळी जर्सी अधूनमधून आजही दिसते, ती त्यामुळेच.

पण मला गंमत नावाची वाटते. मूळ नाव होतं 'पहिला व्हिएन्ना कामगार फुटबॉल क्लब'. इतकं सरळ! ८ जानेवारी १८९९ रोजी त्यातला 'कामगार' गेला आणि बर्लिनच्या एका क्लबावरून 'रॅपिड' आलं. हे नाव सुचवणारे व्हिल्हेल्म गोल्डश्मिट ज्यू होते आणि पुढे नाझींच्या हातून मारले गेले. क्लबाच्या इतिहासात गोल्डश्मिट यांचं नाव कितीतरी वर्षं कुणी फारसं घेत नव्हतं.

शब्द गेला म्हणून माणसं बदलली नाहीत. ह्युटेलडॉर्फच्या उपनगरातला प्रेक्षक कष्टकरीच राहिला. उलट १९२४ मध्ये ऑस्ट्रियात व्यावसायिक लीग सुरू झाली तेव्हा पैसे घेऊन खेळणं समाजवादी क्रीडा चळवळीला मुळीच रुचलं नाही, आणि कामगारांचा लाडका रॅपिड मात्र थेट त्या लीगमध्ये!