सगळं क्लाउडवर आहे, मग बीसीपी (संकटातही कंपनीचं काम चालू ठेवायचा लेखी प्लॅन) कशाला?

निवांत: दोन दिवस इथे "हरिकेनचा सीझन आला, बीसीपी लिहिली का?" हाच धोशा चाललाय. अहो, सगळं क्लाउडवर आहे. ती ऐंशी पानी फाइल ऑडिटर आला की कपाटातून निघते, तो गेला की परत आत.

खडूस: क्लाउड काय आभाळात असतो? १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर जळालं. कित्येकांचा बॅकअप त्याच आवारात. सर्व्हरबरोबर तोही गेला.

निवांत: ती आग. विषय वादळाचा आहे.

खडूस: घ्या वादळ. २०१२, सँडी, मॅनहॅटन. एका डेटा सेंटरचा जनरेटर उंचावर, अगदी सुरक्षित. डिझेलचा पंप मात्र तळघरात! पाणी शिरलं, पंप बसला. मग लोकांनी बादल्यांनी डिझेल जिन्याने सतरा मजले चढवलं.

जुना_मेकॅनिक: जनरेटरचं नाव काढलंत म्हणून सांगतो. आमच्याकडे दर सोमवारी दहा मिनिटं चालवायचे, तेही लोड न देता. रजिस्टरवर सह्या चोख. खरोखर वीज गेली तेव्हा चाळीस मिनिटांत धाप लागली. टाकीच्या तळाचा गाळ फिल्टरमध्ये. टाकी साफ करा म्हणून मी तीनदा मेल केला होता. उत्तर: बजेट नाही.

स्वाती_के: डिझेल, डिझेल! माणसांचं कोण बोलणार? आमच्या कॉल ट्रीतले (संकटात कोणी कोणाला फोन करायचा, ती यादी) पहिले तिघे कधीच नोकरी सोडून गेलेले. चौथी मी, घरात गुडघाभर पाणी. साहेब फोनवर विचारतात, लॉगिन कधी करतेस?

जुना_मेकॅनिक: ताई, बॅटऱ्या संपल्या की तो फोनचा टॉवरसुद्धा डिझेलवरच चालतो.

स्वाती_के: ताई नको. आणि डिझेल आणणाऱ्या टँकरवाल्याच्या घरात पाणी नाही शिरत का?

निवांत: म्हणजे प्लॅन कुचकामी, हे तुम्हीच सिद्ध करताय. आभार.

खडूस: तालीम न केलेला प्लॅन कुचकामी. शिवाय नुसता आपला असून भागत नाही. २०१७ ला मारिया वादळाने पोर्टो रिकोतले बॅक्स्टर कंपनीचे कारखाने बंद पाडले, अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत सलाईनच्या छोट्या पिशव्या मिळेनात. २०२४ ला हेलीन आलं, त्याच कंपनीचा नॉर्थ कॅरोलायनातला कारखाना पाण्याखाली. देशातलं जवळपास ६० टक्के सलाईन तिथून यायचं. आता तुमच्या क्लाउडमधून सलाईन काढा.

निवांत: बरं बाबा. फोन नंबरांचं पान ठेवतो. उरलेली एकोणऐंशी रद्दीत.

स्वाती_के: त्या पानावर माझा नंबर असेल तर आधी खोडा.